संकेतस्थळ-बंद

संकेतस्थळ-बंद : इंटरनेटवरील व्यवहारांचे नियमन करू पाहणाऱ्या प्रस्तावित अथवा नुकत्याच संमत झालेल्या कायद्याच्या निषेधार्थ संकेतस्थळाच्या चालकांनी आपले स्थळ ठराविक काळापुरते स्वतःहून बंद ठेवणे, किंवा त्यावरील नेहमीचा मजकूर झाकून त्या जागी निषेधाचा संदेश झळकविणे, म्हणजे संकेतस्थळ-बंद होय. इंग्रजीत यास ‘ब्लॅकआउट’ म्हणतात. युद्धकाळात हवाई हल्ल्यांच्या भीतीने शहरांतील दिवे मालविण्याच्या उपायासही हीच संज्ञा होती. बहुतेक स्थळांनी अशा वेळी पडद्यावर काळा रंग योजिल्याने हे नाव रूढ झाले.

या प्रकाराची दोन अन्य घटनांशी गल्लत होण्याचा संभव असतो. दंगल, परीक्षा वा निवडणूक यांचे निमित्त करून शासन एखाद्या प्रदेशातील इंटरनेटसेवा खंडित करते, ती शासकीय बंदी होय. तीत चालक व वाचक या दोघांचीही संमती नसते. दुसरी घटना म्हणजे हजारो संगणकांवरून एकाच वेळी मागण्यांचा भडिमार करून परक्याचे स्थळ कोलमडून टाकणे. हा हल्ला असून बहुतेक देशांत तो गुन्हा ठरतो. संकेतस्थळ-बंदात चालक केवळ स्वतःचे दार लावून घेतो. दुसऱ्याचे दुकान बळाने बंद करावयास लावण्याचा प्रकार तीत नसल्याने नेहमीच्या अर्थाच्या ‘बंद’पेक्षा जुन्या हरताळाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

पूर्वपीठिका : व्यवहार थांबवून कायद्याविषयी नापसंती दर्शविण्याची रीत भारतीयांस परिचित आहे. मार्च १९१९ मध्ये संमत झालेल्या रौलट कायद्याविरुद्ध म. गांधींनी पुकारलेला ६ एप्रिल १९१९ चा हरताळ हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण. हरताळ हा शब्द हट्ट म्हणजे बाजारपेठ आणि ताल म्हणजे कुलूप यांपासून झाला, असे व्युत्पत्तिकार मानतात. मराठीत याच रूपाचा दुसरा एक शब्द आहे, तो पिवळ्या खनिजाचा वाचक. पोथीतील चुकलेली अक्षरे लेखक या हरताळाने झाकीत व त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. संकेतस्थळ-बंदात दुकानाला कुलूप लावणे व अक्षरे झाकणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात, हा योगायोग लक्षणीय आहे.

छापील माध्यमांतही याचे पूर्वज सापडतात. आणीबाणी पुकारली गेल्यानंतर द इंडियन एक्सप्रेस या दैनिकाने २८ जून १९७५ च्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली. बिहार शासनाच्या १९८२ च्या वृत्तपत्रविषयक विधेयकाविरुद्ध पत्रकारांनी देशभर निदर्शने केली व पुढील वर्षी ते मागे घेण्यात आले. ऑगस्ट १९८८ मध्ये लोकसभेने संमत केलेल्या बदनामीविषयक विधेयकावर वृत्तपत्रसृष्टीने असाच संघटित विरोध व संप केल्यानंतर सप्टेंबरात केंद्र शासनाने ते सोडून दिले. विधेयक कायदा होण्यापूर्वी, ज्या माध्यमावर त्याचा आघात व्हावयाचा त्याच माध्यमाने गप्प बसून दाखवावे, ही कल्पना अशा रीतीने संगणकयुगापूर्वीची आहे.

आरंभीचे प्रयोग : इंटरनेटवरील पहिला मोठा काळा निषेध संयुक्त संस्थानांत फेब्रुवारी १९९६ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलांपर्यंत असभ्य मजकूर पोहोचविणे हा गुन्हा ठरविणारा ‘कम्युनिकेशन्स डीसन्सी ॲक्ट’ दूरसंचारणविषयक व्यापक कायद्याचा भाग म्हणून संमत झाला व ८ फेब्रुवारी रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. असभ्य म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या त्यात नव्हती. निषेध म्हणून असंख्य स्थळांनी ४८ तास आपली पार्श्वभूमी काळी केली. मजकूर मात्र बहुधा वाचता येत होता, त्यामुळे हा बंद नसून शोकचिन्ह होते, असे म्हणणे योग्य ठरेल. कायद्यावर स्वाक्षरी आधीच झाली असल्याने त्याचा तात्काळ परिणामही झाला नाही. त्यातील असभ्यताविषयक कलमे पुढे २६ जून १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रीनो विरुद्ध अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ या खटल्यात घटनाबाह्य ठरविली.

न्यूझीलंडमधील निषेध अधिक फलदायी ठरला. तेथील स्वामित्वहक्क कायद्यातील ९२ अ हे नवे कलम २८ फेब्रुवारी २००९ पासून अमलात यावयाचे होते. वारंवार हक्कभंग करणाऱ्या ग्राहकाची जोडणी तोडण्याचे धोरण सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी ठेवावे, असे त्यात होते. हक्कभंग न्यायालयात सिद्ध होण्यापूर्वीच, केवळ आरोपावरून शिक्षा होईल, असा आक्षेप कलावंतांच्याच एका संघटनेने घेतला. १६ ते २३ फेब्रुवारी या आठवड्यात लोकांनी आपली छायाचित्रे काढून त्या जागी काळे चौकोन लावले आणि अखेरच्या दिवशी अनेक स्थळे बंद राहिली. पंतप्रधान जॉन की यांनी त्याच दिवशी कलमाची अंमलबजावणी लांबणीवर टाकली. मार्चमध्ये ते पुनर्लेखनासाठी बाजूला ठेवण्यात आले. त्याऐवजी २०११ मध्ये आलेल्या कायद्यात तीन सूचना व न्यायाधिकरणासमोर सुनावणी अशी व्यवस्था झाली. ज्या हक्कांच्या रक्षणासाठी कायदा करावयाचा ते कलावंतच येथे विरोधकांत होते, ही गोष्ट शासनाला निरुत्तर करणारी ठरली असावी.

एखाद्या ज्ञानकोशाने स्वतःला झाकून घेण्याचा पहिला प्रसंग इटलीत घडला. सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या शासनाने मांडलेल्या दूरध्वनी-श्रवणविषयक विधेयकात, आपली अप्रतिष्ठा झाली असे वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीने मागणी करताच स्थळाने ४८ तासांत तिने दिलेला खुलासा जसाच्या तसा प्रसिद्ध करावा, अशी तरतूद होती. मूळ मजकूर खरा की खोटा, याची तपासणी कोणी त्रयस्थाने करावी असे त्यात नव्हते. इटालियन विकिपीडियाच्या संपादकांनी ४ ऑक्टोबर २०११ रोजी सर्व लेख झाकले व ६ तारखेपर्यंत ते तसेच राहिले. त्यानंतर ही तरतूद नोंदणीकृत वृत्तस्थळांपुरती मर्यादित करण्याची दुरुस्ती पुढे आली.

जानेवारी २०१२ : या निषेधप्रकारास जगभर प्रसिद्धी मिळाली ती संयुक्त संस्थानांतील दोन विधेयकांमुळे. व्हर्माँटचे सीनेटर पॅट्रिक लेही (१९४० – ) यांनी १२ मे २०११ रोजी सीनेटमध्ये मांडलेले ‘प्रोटेक्ट आयपी ॲक्ट’ हे ‘पिपा’ या, तर टेक्सासचे प्रतिनिधी लामार स्मिथ (१९४७ – ) यांनी २६ ऑक्टोबर २०११ रोजी प्रतिनिधिगृहात मांडलेले ‘स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट’ हे ‘सोपा’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. चित्रपट, संगीत व बनावट माल यांची चोरटी विक्री वा वाटप करणारी परदेशी स्थळे हे त्यांचे लक्ष्य होते. अशा स्थळांचे चालक अमेरिकन न्यायालयांच्या कक्षेबाहेर असल्याने देशातील मध्यस्थांमार्फत त्यांची कोंडी करावयाची, अशी योजना होती. न्यायालयाच्या आदेशाने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी त्या स्थळाचे नाव शोधणाऱ्यास पत्ता देणे बंद करावे, शोधयंत्रांनी दुवे काढावेत, पैसे पोचविणाऱ्या व जाहिराती पुरविणाऱ्या कंपन्यांनी व्यवहार तोडावेत, असे त्याचे टप्पे होते.

विधेयकामागील तक्रार खोटी नव्हती. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्याची प्रत इंटरनेटवर फुकट मिळू लागली, तर त्याची झळ निर्मात्याइतकीच प्रकाशयोजनेवरील कामगारालाही लागते, आणि म्हणूनच चित्रपट व संगीत उद्योगांबरोबर त्यांतील कामगार संघटनाही विधेयकांच्या बाजूने उभ्या होत्या. वाद उपायाविषयी होता. इंटरनेटवर प्रत्येक स्थळाला एक नाव व एक सांख्यिक पत्ता असतो आणि नाव दिले असता पत्ता सांगणारी एक जगद्व्यापी नामप्रणाली असते. टपालखात्याने एखाद्या घराचा पत्ता नोंदवहीतून खोडावा तसे हे खोडकाम होते. घर जागच्या जागी राहते व पत्ता ठाऊक असलेला माणूस तेथे पोहोचतोच. उलट, नामप्रणालीने दिलेले उत्तर अस्सल आहे, मध्ये कोणी बदललेले नाही, याची खात्री पटविणारी नवी सुरक्षाव्यवस्था तेव्हा बसविली जात होती; कायद्यानेच उत्तरे बदलावयास लावल्यास तिचा पायाच ढासळला असता. इंटरनेटच्या उभारणीत भाग घेतलेल्या ८३ अभियंत्यांनी डिसेंबर २०११ मध्ये प्रतिनिधींना लिहिलेल्या अनावृत पत्रात या धोक्याकडे लक्ष वेधले. दुसरा आक्षेप असा की, लाखो वाचकांनी लिहिलेल्या मजकुरात कोठेतरी हक्कभंग आढळल्यास संपूर्ण स्थळाचे उत्पन्न तुटण्याची भीती असल्याने चालक स्वतःच आपल्या वाचकांचे पहारेकरी बनतील.

ऑरेगनचे सीनेटर रॉन वायडन (१९४९ – ) यांनी पिपावरील कामकाज रोखून धरले होते. तथापि सीनेटमध्ये २४ जानेवारी २०१२ रोजी प्राथमिक मतदान ठरले. रेडिट या चर्चास्थळाने १० जानेवारी रोजी, आपण १८ जानेवारीस बारा तास बंद राहू, असे घोषित केले. त्यानंतरच्या आठवड्यात घटना झपाट्याने घडल्या. नामप्रणालीविषयक तरतूद वगळण्याची वा तिचा पुन्हा विचार करण्याची तयारी दोन्ही प्रवर्तकांनी दाखविली. १४ तारखेस अध्यक्षीय कार्यालयाने, अभिव्यक्तिस्वातंत्र्य वा इंटरनेटची सुरक्षितता यांना बाधा आणणाऱ्या विधेयकास पाठिंबा देणार नसल्याचे कळविले. त्यामुळे बंदचे प्रयोजन उरले नाही, असे काहींचे मत पडले. इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांत तीन दिवस खुली चर्चा चालली, तीत १,८०० हून अधिक जणांनी भाग घेतला आणि बहुमत बंदच्या, तोही केवळ अमेरिकेपुरता नव्हे तर जगभर पाळण्याच्या बाजूने पडले. १६ जानेवारीस निर्णय जाहीर झाला.

परिणामतः भारतीय प्रमाणवेळेनुसार बुधवार, १८ जानेवारीच्या सकाळी १०·३० पासून गुरुवारी त्याच वेळेपर्यंत पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यालाही इंग्रजी विकिपीडियाचा लेख उघडेना. क्षणभर मजकूर दिसे व लगेच त्यावर काळा पडदा पडून, मुक्त ज्ञानाविना जगाची कल्पना करून पाहा, या आशयाचा संदेश येई. अमेरिकन वाचकास त्या पानावर आपला टपाल-संकेतांक भरण्याची सोय होती. तो भरताच त्याच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचे नाव व दूरध्वनी क्रमांक मिळे. विधेयके व अभ्यवेक्षण या विषयांवरील लेख मात्र उघडे ठेवले होते. गूगलने शोधसेवा चालू ठेवून आपल्या नाममुद्रेवर काळी पट्टी लावली. मोझिला, क्रेग्जलिस्ट, वर्डप्रेस इत्यादींनी आपापल्या परीने भाग घेतला. सहभागी स्थळांची संख्या संयोजकांनी १,१५,००० हून अधिक सांगितली. विकिपीडियाचे काळे पान १६·२ कोटी वेळा पाहिले गेले व ८० लाखांवर वाचकांनी प्रतिनिधीचा पत्ता शोधला. गूगलच्या निवेदनावर सु. ७० लाख स्वाक्षऱ्या झाल्या. विधिमंडळाचे दूरध्वनी दिवसभर अडकून पडले.

राजकीय परिणाम त्याच दिवशी दिसू लागला. मार्को रुबियो व रॉय ब्लंट या सीनेटरांसह अनेक सहप्रवर्तकांनी पाठिंबा काढून घेतला. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने ठेवलेल्या नोंदीनुसार बंदपूर्वी ८० सदस्य विधेयकांच्या बाजूने व ३१ विरुद्ध होते; त्यानंतर हे आकडे अनुक्रमे ६५ व १०१ झाले. २० जानेवारी रोजी सीनेटमधील बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी मतदान पुढे ढकलले, स्मिथ यांनीही सोपाचा विचार थांबविला व ती विधेयके पुन्हा पटलावर आली नाहीत. दरम्यान १९ जानेवारीस, म्हणजे बंदच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकन न्यायखात्याने मेगाअपलोड हे परदेशस्थ साठवणस्थळ जप्त केले आणि त्याच्या चालकास न्यूझीलंडमध्ये अटक झाली. प्रचलित कायद्याने काहीच करता येत नाही, हा विधेयकांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद त्यामुळे बराच दुबळा झाला.

तंत्र : वाचकास सोपी वाटणारी ही कृती चालकाच्या दृष्टीने काहीशी जोखमीची असते. शोधयंत्रांचे स्वयंचलित वाचक सतत स्थळांना भेटी देत असतात. त्यांना सर्व पानांवर एकच काळा मजकूर आढळला, तर ते मूळ पाने नाहीशी झाली असे समजून आपल्या सूचीत फेरफार करतात व बंद उठल्यावरही स्थळ शोधात मागे पडते. म्हणून ‘सेवा तात्पुरती अनुपलब्ध’ असा अर्थ असलेला ५०३ हा सांकेतिक क्रमांक उत्तरादाखल पाठवावा, असा सल्ला २०१२ मध्ये गूगलच्या तज्ञांनी दिला होता. दुसरी रीत म्हणजे मजकूर पाठवावयाचा, पण वाचकाच्या संगणकावर चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीने तो झाकावयाचा. विकिपीडियाने हीच रीत स्वीकारली. तीत पळवाटा राहतात. आज्ञावली बंद करणाऱ्यास किंवा भ्रमणध्वनीवरील आवृत्ती उघडणाऱ्यास लेख वाचता येत होते, आणि त्या ठेवण्यात विकिपीडियाची हरकत नव्हती. वैद्यकीय वा अन्य निकडीची माहिती कोणास हवी असेल, तर ती पूर्णपणे अडू नये, हा विचार त्यामागे होता. विक्री करणाऱ्या स्थळांना दिवसाचे उत्पन्न बुडवावे लागत असल्याने ती बहुधा पट्टी, काळी नाममुद्रा किंवा एक कळ दाबून दूर करता येणारा पडदा यांवरच थांबतात. १० सप्टेंबर २०१४ रोजी इंटरनेट-तटस्थतेच्या मागणीसाठी पाळलेल्या दिनी तर स्थळे मंदावल्याचा आभास करणारे फिरते चक्र तेवढे दाखविण्यात आले. प्रत्यक्षात कोणतेही स्थळ मंद केले नव्हते.

इतर देशांतील अनुभव : अमेरिकेतील यशानंतर २०१२ मध्येच अनेक देशांत याचे अनुकरण झाले, यश मात्र क्वचित आले. मुलांना अपायकारक मजकुरापासून वाचविण्यासाठी शासनाने निषिद्ध स्थळांची नोंदवही ठेवावी, असे विधेयक रशियात आले, तेव्हा रशियन विकिपीडिया १० जुलै रोजी चोवीस तास बंद राहिला. ड्यूमाने दुसऱ्याच दिवशी, ११ जुलैस, विधेयक संमत केले व १ नोव्हेंबरपासून नोंदवही सुरू झाली. संपादकांची भीती अनाठायी नव्हती, हे ऑगस्ट २०१५ मध्ये दिसून आले. चरस या एका लेखावरून शासकीय यंत्रणेने बंदीचा आदेश काढला, परंतु विकिपीडियाची सर्व वाहतूक कूटबद्ध असल्याने एकच पान अडविता येईना, आणि काही कंपन्यांच्या ग्राहकांना काही तास संपूर्ण रशियन विकिपीडियाच मिळेनासा झाला. आदेश लगेच मागे घेण्यात आला.

मलेशियात पुरावा कायद्यास जोडलेल्या ११४ अ कलमाविरुद्ध १४ ऑगस्ट २०१२ रोजी वृत्तस्थळे बंद राहिली. ज्याच्या नावे वा ज्याच्या जोडणीवरून मजकूर प्रसिद्ध झाला, त्यानेच तो लिहिला असे गृहीत धरावे, असे हे कलम होते. म्हणजे सिद्धतेचा भार आरोपीवर आला. पंतप्रधान नजीब रझाक यांनी मंत्रिमंडळास फेरविचार करण्यास सांगितले. मंत्रिमंडळाने कलम कायम ठेवले. जॉर्डनमध्ये वृत्तस्थळांना परवाना सक्तीचा करणाऱ्या दुरुस्तीविरुद्ध २९ ऑगस्ट २०१२ रोजी अनेक स्थळे काळी झाली. सप्टेंबरात दुरुस्ती संमत झाली व जून २०१३ मध्ये परवाना नसलेली सु. ३०० स्थळे अडविण्यात आली. फिलिपीन्समध्ये संगणक-गुन्हेविषयक कायदा ३ ऑक्टोबर २०१२ रोजी अमलात यावयाचा होता. त्याच्या आदल्या दिवशी लोकांनी आपली पाने काळी केली व ९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. फेब्रुवारी २०१४ मधील अंतिम निर्णयात न्यायखात्यास परस्पर मजकूर अडविण्याचा अधिकार देणारे कलम रद्द झाले, पण इंटरनेटवरील बदनामीस फौजदारी गुन्हा ठरविणारे कलम टिकले. सिंगापूरमध्ये वृत्तस्थळांसाठी ५०,००० सिंगापूर डॉलरच्या हमीसह परवाना आवश्यक करणारे नियम १ जून २०१३ पासून लागू झाले; ६ जून रोजी शंभराहून अधिक अनुदिनीलेखकांनी बंद पाळला, नियम मात्र तसेच राहिले.

या उदाहरणांची तुलना केली असता यशापयशाचे कारण बंदच्या आकारात शोधणे फारसे उपयोगी नाही, असे दिसते. अमेरिकेत मतदान व्हावयाचे होते, तारीख ठरलेली होती, प्रत्येक वाचकाचा एक ओळखीचा प्रतिनिधी होता आणि निवडणुकीचे वर्ष होते. काळ्या पानाने वाचकाला प्रतिनिधीच्या दूरध्वनीपर्यंत नेऊन सोडले. पुढचे काम दूरध्वनीने केले. जेथे नियम कार्यकारी आदेशाने आधीच लागू झालेला असतो, किंवा प्रतिनिधीला मतदाराच्या रोषाची फिकीर करण्याचे कारण नसते, तेथे तेच काळे पान सूचनाफलकापलीकडे जात नाही. न्यूझीलंड व अमेरिका हे दोन्ही विजय विधेयक वा कलम अमलात येण्यापूर्वीचे आहेत. १९९६ साली व फिलिपीन्समध्ये अंशतः दिलासा मिळाला तो न्यायालयाकडून.

यूरोपीय संघाच्या स्वामित्वहक्कविषयक निदेशाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. वृत्तांतील उताऱ्यांसाठी प्रकाशकांना मोबदला देणारे अकरावे आणि वाचकांनी चढविलेल्या मजकुरातील हक्कभंगास मोठ्या स्थळांना जबाबदार धरणारे तेरावे, ही त्यातील दोन कलमे वादग्रस्त ठरली. दुसऱ्याचे पालन करावयाचे तर सर्व मजकूर यंत्राने गाळून घ्यावा लागेल, अशी टीका झाली. जुलै २०१८ च्या आरंभी इटालियन व त्यामागोमाग स्पॅनिश, पोलिश इ. भाषांतील विकिपीडिया बंद झाले. ५ जुलै रोजी यूरोपीय संसदेने ३१८ विरुद्ध २७८ मतांनी मसुदा तसाच पुढे नेण्यास नकार दिला. हा विजय अल्पकाळ टिकला. सुधारित मसुदा सप्टेंबरात मान्य झाला. अखेरच्या मतदानापूर्वी २१ मार्च २०१९ रोजी जर्मन, डॅनिश, चेक व स्लोव्हाक आवृत्त्यांनी पुन्हा बंद पाळला. ना-नफा ज्ञानकोशांना तोवर निदेशातून वगळण्यात आले होते, तेव्हा हा बंद केवळ स्वार्थासाठी होता असे म्हणता येत नाही. २६ मार्च रोजी निदेश ३४८ विरुद्ध २७४ मतांनी संमत झाला. कलमांवर स्वतंत्र मतदान घ्यावे, ही मागणी त्याआधी अवघ्या ५ मतांनी फेटाळली गेली होती. काही सदस्यांनी आपली कळ चुकीची दाबली गेल्याची नोंद नंतर केली; तथापि नियमानुसार निकाल बदलला नाही. पोलंडने तेराव्या (अंतिम क्रमानुसार सतराव्या) कलमास दिलेले आव्हान यूरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये फेटाळले.

आक्षेप : या निषेधप्रकारावरील टीका केवळ विधेयकांच्या पुरस्कर्त्यांनी केलेली नाही. अमेरिकन चित्रपट उद्योगाच्या संघटनेचे तत्कालीन प्रमुख क्रिस डॉड यांनी बंदला सत्तेचा दुरुपयोग म्हटले. त्यांच्या हितसंबंधांमुळे हे मत बाजूस सारले, तरी त्यातील प्रश्न उरतोच. कोट्यवधी लोक ज्या मोजक्या स्थळांवर माहितीसाठी अवलंबून आहेत, त्यांनी ती माहिती अडवून धरून आपल्या बाजूची हाक वाचकाच्या तोंडून द्यावी काय? वृत्तपत्राचा वाचक दुसरे वृत्तपत्र घेऊ शकतो. प्रबळ शोधयंत्राच्या वा ज्ञानकोशाच्या बाबतीत तसा पर्याय नावापुरताच असतो. शिवाय बड्या कंपन्यांचा व्यापारी लाभ व नागरिकांचे स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच काळ्या पानावर आली, म्हणजे वाचकाला ती वेगळी करता येत नाहीत. ट्विटरचे तत्कालीन प्रमुख डिक कोस्टोलो यांनी एका देशातील एका प्रश्नासाठी जागतिक सेवा बंद करणे शहाणपणाचे नाही, अशी भूमिका घेतली होती.

ज्ञानकोशाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण पक्षपातरहित मांडणी हे त्याचे ब्रीद असते. विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या तत्कालीन कार्यकारी संचालक स्यू गार्डनर यांनी केलेला खुलासा असा, की लेख तटस्थ असले, तरी असा ज्ञानकोश अस्तित्वात असणे ही स्वतःच तटस्थ गोष्ट नाही. हा युक्तिवाद विधेयकाने ज्ञानकोशाच्या अस्तित्वालाच धोका असेल तेवढ्यापुरता ग्राह्य वाटतो. त्यापलीकडे प्रत्येक अप्रिय कायद्यासाठी तो वापरला गेल्यास वाचकाचा विश्वास ढळेल. इंग्रजी विकिपीडियाने २०१२ नंतरच्या दहा वर्षांत असा पूर्ण बंद पुन्हा पाळला नाही, यावरून संपादकांना ही मर्यादा उमगली असावी. निर्णय कोणी घेतला, यालाही महत्त्व आहे. खुल्या चर्चेतून झालेला बंद व संचालक मंडळाने आदेशाने केलेला बंद यांत वाचकाच्या दृष्टीने दिसण्यात फरक नसला, तरी अधिकाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. जून २०२३ मध्ये रेडिटवरील हजारो चर्चामंडळे त्यांच्या स्वयंसेवक चालकांनी बंद केली, तेव्हा रोख कोणत्याही कायद्यावर नसून रेडिट कंपनीच्याच नव्या दरआकारणीवर होता. बंदचे हत्यार अशा रीतीने ते प्रथम उगारणाऱ्यावर उलटले.

भारत : भारतात इंटरनेटविषयक कायद्यांवरील मोठे लढे मुख्यतः न्यायालयात व नियामकांपुढील निवेदनांतून लढले गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम त्रासदायक वा क्लेशकारक संदेश पाठविणे गुन्हा ठरवीत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत व्यवहार बंद राहिले. त्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केल्यावरून ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) पालघर येथे एका तरुणीस आणि त्यास पसंती दर्शविल्यावरून तिच्या मैत्रिणीस अटक झाली. या घटनेनंतर दाखल झालेल्या ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतर तीनच दिवसांनी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी विचारपत्रिका प्रसिद्ध केली. काही सेवा फुकट व काही सशुल्क देण्याची मुभा दूरसंचार कंपन्यांना मिळेल, या भीतीने नागरिकांनी प्राधिकरणास १० लाखांहून अधिक ईपत्रे पाठविली. स्थळे बंद करण्याऐवजी येथे काही भारतीय कंपन्यांनी अशा सवलत-योजनांतून अंग काढून घेतले. एप्रिल २०१५ मध्ये फ्लिपकार्टने एअरटेलच्या योजनेतून व क्लिअरट्रिपने फेसबुकच्या योजनेतून माघार घेतली. त्याच महिन्यात प्राधिकरणाने आलेली सर्व पत्रे प्रेषकांच्या ईपत्त्यांसह प्रकाशित केली. गोपनीयतेविषयी जागरूक असलेल्या या चळवळीतच लाखो लोकांचे पत्ते त्यामुळे उघडे पडले. मजकुरावरून दरांत भेदभाव करण्यास मनाई करणारे विनियम प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी जारी केले.